तारेवर मधोमध थांबलेल्या काकू

कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावर, कॅस्ट्रीजला, आमची क्रूझ बोट सकाळी आठच्या सुमारास लागते. बंदर खोल आहे, तिन्ही बाजूंनी हिरवे डोंगर आहेत, आणि एवढं मोठं जहाज थेट धक्क्याला येऊन उभं राहतं. त्यामुळे छोट्या टेंडर बोटींतून माणसं किनाऱ्यावर नेण्याची यातायात इथं नाही. शोअर एक्स्कर्शन, म्हणजे किनाऱ्यावरच्या सहलींच्या, खात्यातल्या आम्हा सगळ्यांची त्या तासाभरात नुसती धावपळ चालते. टूरच्या नंबराची पाटी उंच धरायची, गेस्टच्या शर्टावर स्टिकर लावायचे, डोकी मोजायची आणि ज्याला त्याला आपापल्या बसमध्ये बसवून द्यायचं.

मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे आणि शेजारी गोव्यात घराआड कुणीतरी बोटीवर असतं. बहुतेक जण किचनमध्ये, डायनिंगमध्ये किंवा केबिनच्या कामावर असतात. टूर विकणाऱ्या डेस्कवर आपली माणसं कमी. या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे एस्कॉर्ट म्हणून टूरबरोबर जाणं. एस्कॉर्टनं गेस्टबरोबर सगळं करायचं, व्यवस्था कशी आहे ते बघायचं, काही अडलं तर बोटीवर कळवायचं आणि परतल्यावर अहवाल भरायचा. सेंट लुशियाच्या झिपलाइनवर त्या दिवशी माझी पाळी होती. झिपलाइन म्हणजे उंचावर ताणलेल्या तारेवरून, पुलीला लटकून, एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर घसरत जायचं.

यादीत एक मराठी कुटुंब होतं. मिरजेचे काका-काकू, ह्यूस्टनला राहणारे मुलगी-जावई आणि त्यांचा शाळकरी मुलगा. अमेरिकेतली मुलं आईवडिलांना सहा महिने बोलावतात आणि त्यातला एक आठवडा पोर्टो रिकोतल्या सान हुआनहून निघणाऱ्या अशा क्रूझवर काढतात, हे आता आमच्या सरावाचं झालंय. मुलगी आदल्या दिवशी डेस्कवर येऊन सगळं विचारून गेली होती. वयाची वरची अट नाही. हृदयविकार, पाठीचं किंवा मानेचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर जायचं नाही. काकूंना यातलं काहीच नव्हतं. अंगानं त्या इतक्या किरकोळ होत्या की पाठमोऱ्या पाहिल्या तर शाळेतली मुलगी वाटावी.

बस डाव्या बाजूनं चालते. १८१४ मध्ये हे बेट कायमचं इंग्रजांकडे आलं, त्याआधी फ्रेंच आणि इंग्रज यांनी ते एकमेकांकडून कितीदा हिसकावून घेतलं त्याला गणती नाही. त्यामुळे कारभार इंग्रजीत आणि घरातली बोली फ्रेंच वळणाची क्वेयोल. आम्ही भारतातले म्हटल्यावर ड्रायव्हरची गाडी सरळ क्रिकेटवर आली. २४ जून २०२४ ला ग्रोस आयलेटच्या मैदानावर रोहित शर्मानं ऑस्ट्रेलियाची धुलाई करत ४१ चेंडूंत ९२ काढले, ते याच बेटावर. मैदानाला नाव डॅरन सॅमीचं. तो इथला, मिकूचा, आणि त्याच्याच नेतृत्वाखाली वेस्ट इंडिजनं २०१२ आणि २०१६ चे टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकले. पण ड्रायव्हरचा ऊर खरा भरून आला तो ज्युलियन आल्फ्रेडचं नाव घेताना. ३ ऑगस्ट २०२४, पॅरिस, शंभर मीटर, १०.७२ सेकंद. देशाला मिळालेलं पहिलंवहिलं ऑलिम्पिक पदक, तेही सोन्याचं. कॅस्ट्रीजजवळच्या वस्तीतली ही मुलगी. त्यानं ते सेकंद इतक्या सावकाश, सुटे करून सांगितले की जावईबापूंनी टाळ्या वाजवल्या.

रस्ता बाबोनोकडे चढायला लागला तशी घरं विरळ झाली. परसात केळी, कोको, आंबा आणि जागोजाग नीरफणस. आमच्याकडे त्याची कापं करतात, म्हणून मी ते झाड लांबूनही ओळखते. कॅप्टन ब्लाय यानं १७९३ मध्ये त्याची रोपं पॅसिफिकमधून सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला आणली; उसाच्या मळ्यांतल्या गुलामांना स्वस्तात जगवता यावं म्हणून. गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून मजूर आणले. सेंट लुशियात ते १८५९ पासून उतरले. काकू हे सगळं खिडकीला डोकं टेकून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, ‘‘म्हणजे आपली माणसं इथं पोटासाठी आली, आणि आम्ही मजेसाठी.’’ त्यावर बसमध्ये कुणी काही बोललं नाही.

वर पोहोचल्यावर आधी फॉर्म, मग वजन. वजन सगळ्यांसमोर घेतात, काहींना ते खटकतं. पण त्या आकड्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. माझ्या मते साऱ्या टूरमधलं महत्त्वाचं काम होतं ते या अर्ध्या तासात. तारेवरचं नुसतं त्याचं फळ. हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा पट्ट्यांचा साज, मांड्यांवर आणि कमरेला इतका आवळायचा की पट्ट्याखाली जेमतेम दोन बोटं जावीत. हेल्मेट हनुवटीखाली बसलं पाहिजे. कॅराबिनरचं, म्हणजे पट्टा पुलीला अडकवायच्या कडीचं, तोंड बंद आहे का ते बोटानं दाबून बघायचं, नजरेनं नाही. एक गाईड बांधतो, दुसरा तेच पुन्हा तपासतो. रांगेतला एक गृहस्थ ‘‘चला, चला’’ करत होता. गाईडनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, हातातला पट्टा पुरा तपासूनच पुढे सरकला. अशा गाईडबद्दल मला फार आदर वाटतो. गेस्टला घाई असते, बोटीला वेळापत्रक असतं, टिपही हसतमुख गाईडला जास्त मिळते. तरी तो पट्टा त्याच वेगानं तपासला जातो.

आम्हाला दोन गाईड होते. पुढे जाणारी एक विशीपंचविशीची मुलगी, मागून सोडणारा एक पोक्त माणूस. मुलीनं काकूंची ओढणी काढायला लावली, वेणी शर्टात खोचली. मंगळसूत्राकडे बोट दाखवून तिनं माझ्याकडे पाहिलं. ते आत घालून वरचं बटण लावायला सांगितलं. सैल काहीही पुलीत अडकतं. फक्त चामड्याचे ग्लोव्हज काकूंना मोठे झाले. पेटीतले सर्वांत लहान होते ते, तरी बोटांच्या टोकांना रिकामं चामडं लोंबत होतं.

जावईबापूंनी पहिल्या प्लॅटफॉर्मवरून खाली पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, ‘‘मी येत नाही.’’ पोक्त गाईडनं त्यांचा पट्टा सोडला, पायवाट दाखवली, एक हेल्पर सोबत दिला. त्यात समजावणं नव्हतं की चिडवणं नव्हतं. हे असंच व्हायला हवं. काका तर गुडघ्यांमुळे खालीच थांबले होते.

पहिल्या दोन तारा लहान. पोराला तर ‘आणखी, आणखी’ झालं होतं. काकू पहिल्या तारेवर डोळे मिटून गेल्या, दुसरीवर उघडे ठेवून. मग पाऊस आला. रेनफॉरेस्टात कोरड्या मोसमातही तो असा न सांगता येतो. गाईडनी लगेच काम थांबवलं. ओल्या तारेवर पुली जास्त पळते आणि हातमोज्याचा ब्रेक नीट लागत नाही. आम्ही एका प्रचंड गोमिए झाडाला बांधलेल्या प्लॅटफॉर्मवर दाटीनं उभे राहिलो. याच झाडाचं खोड कोरून इथले कोळी होड्या करायचे. गाईड मुलीनं सालीवर वाळलेला पांढरा डिंक नखानं खरवडून काकूंच्या नाकाशी धरला. ‘‘अगं, हा तर धूप!’’ काकू म्हणाल्या. खरंच, इथल्या चर्चमध्ये तो जाळतात. काकूंनी तो कण रुमालाच्या टोकाला बांधला.

पाऊस थांबला. मुलीनं आधी तार पुसली, मग स्वतः जाऊन बघितली आणि पलीकडून हातानं खूण केली. ही तिसरी तार लांब, दीड-दोनशे मीटरची, खाली दरी. मी काकूंच्या आधी गेले. एस्कॉर्टनं कुणाच्या पुढे जावं याचा नियम नाही. उतरताना काकूंना समोर ओळखीचं तोंड दिसावं एवढाच विचार होता.

पलीकडे पाय टेकले तेव्हा वारा फिरल्याचं जाणवलं. दरीतून तो आता तारेच्या उलट दिशेनं वर येत होता. झिपलाइनवर सगळे जण भीत असतात ते जड माणसाला. तो जोरात येतो, त्याला थांबवणं कठीण. पण हलक्या माणसाचं दुखणं वेगळं. उतार दोघांना सारखाच ओढतो. हवेचा अडथळा मात्र हलक्या अंगाला जास्त नडतो. तार काही सरळ रेषेत नसते, शेवटच्या प्लॅटफॉर्मच्या आधी ती झोळ खाते आणि मग थोडी चढते. तो चढ आधीच्या वेगावर पार करायचा असतो. समोरून वारा असला की हलका माणूस तिथवर येतो आणि थांबतो.

काकू अगदी तशाच आल्या. पाय वर, पाठ मागे, सांगितलं होतं तसं चोख. प्लॅटफॉर्मपासून पंधरावीस हातांवर वेग मरत गेला. मुलगी ओणवी होऊन हात पुढे करून उभी होती. काकूंनीही हात पुढे केला. दोघींची बोटं एकमेकींपासून लांबच राहिली, आणि काकू मागं घरंगळायला लागल्या.

‘‘अगं, मी मागं चालले!’’

मुलगी इंग्रजीत सूचना देत होती, आवाज अजिबात न चढवता. काकू एरवी इंग्रजी समजत होत्या, नातवाशी बोलतही होत्या. त्या क्षणी मात्र त्यांच्यापर्यंत काही पोहोचत नव्हतं. दोन्ही हातांनी त्यांनी पुलीखालचा पट्टा गच्च धरला होता आणि त्या स्वतःभोवती फिरत होत्या. मुलीनं माझ्याकडे पाहिलं, ‘‘तू सांग’’ म्हणाली.

‘‘काकू, मी इथंच आहे. माझं ऐकू येतंय ना?’’

‘‘येतंय गं!’’

‘‘मागं जाताय ते जाऊ द्या. तार जिथं सगळ्यात खाली आहे तिथं आपोआप थांबाल. तुम्हाला बांधलंय, हात सोडलेत तरी पडणार नाही.’’

‘‘हात नाही सोडणार मी!’’

‘‘नका सोडू. फक्त श्वास घ्या.’’

त्या थांबल्या. आता त्या झोळाच्या तळाशी, दरीच्या बरोबर वर. अशा वेळी माणसानं प्लॅटफॉर्मकडे पाठ करून, हातावर हात टाकत तार ओढत मागं मागं यायचं असतं. हे सगळ्यांना सुरुवातीला शिकवतात, काकूंनाही शिकवलं होतं. मी सांगितलं, त्यांनी केलंही. पाठ वळवली, एक हात वर नेला, तार धरली. पण ग्लोव्हचं मोकळं चामडं तारेवर सरकत होतं आणि मुठीत काही येत नव्हतं. दोनदा प्रयत्न करून त्यांनी पुन्हा पट्टा धरला. ‘‘नाही होत गं, निसटतंय.’’

मुलगी तोवर निघण्याच्या तयारीत होती. मागच्या गाईडला वॉकीटॉकीवर कुणाला सोडू नकोस म्हणून सांगितलं, त्याचं उत्तर ऐकलं, मगच आपली पुली तारेवर चढवली. पलीकडे नातू उभा होता आणि त्याची आई. त्या माउलीचा जीव केवढासा झाला असेल! मी तिलाही ओरडून सांगितलं, आई ठीक आहे, माणूस निघालाय. वाऱ्यात ते तिला किती कळलं कोण जाणे.

मुलगी हातावर हात टाकत काकूंपर्यंत गेली. मला अजून डोळ्यांसमोर दिसतंय: तिनं पहिल्यांदा काकूंच्या खांद्याला हात लावला, काहीतरी बोलली, आणि त्यानंतरच आपल्या हार्नेसवरचा जोड काकूंच्या हार्नेसला अडकवला. कॅराबिनरचं तोंड बोटानं दाबून बघितलं. दरीवर लटकलेलं असतानाही तेच, तितक्याच निवांतपणे. मग ती मागं मागं ओढत दोघींना आणायला लागली. चार हात यायच्या, थांबायच्या, परत चार हात.

मध्ये एका थांब्यावर काकूंनी पट्ट्यावरचा एक हात काढला.

‘‘काय झालं काकू?’’

‘‘काही नाही. खाली ते छत्रीसारखं काय गं?’’

खाली झाडनेचे होते, झाडासारखे वाढलेले नेचे, माणसाहून उंच, पावसानं धुऊन लख्ख झालेले. मी सांगितलं. त्या मान वळवून बघत राहिल्या आणि मुलगीही त्यांचं बघून होईपर्यंत थांबली.

प्लॅटफॉर्मवर पाय टेकल्यावर काकूंचे गुडघे लटपटले. आम्ही दोघींनी धरून त्यांना खोडाशी बसवलं. पाणी दिलं. मुलीच्या हातांच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. काकूंनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन चोळायला सुरुवात केली, आईनं मुलीचे चोळावेत तसे. मुलगी हसली. ‘‘मेसी, ममा,’’ म्हणाली.

वारा पडेपर्यंत पलीकडच्या कुणाला सोडलं नाही. घाई करणारा तो गृहस्थ तिकडेच होता. तोही गप्प उभा होता. उशीर होणार हे दिसताच मी बोटीवर मॅनेजरला फोन केला. टूर आमच्याकडून घेतलेली असली की बोट तिच्यासाठी थांबते. माझ्या फोनची त्यासाठी गरज नव्हती, पण गँगवेवर, बोटीत चढायच्या वाटेवरच्या माणसांना, आधी कळलेलं बरं. नातू आला, मग त्याची आई. ती आली ती सरळ आईच्या कुशीत.

पुढं आणखी तारा होत्या. खाली उतरायची वाटही तिथून निघत होती. मुलीनं काकूंपुढे दोन्ही गोष्टी ठेवल्या: चालत जा, नाहीतर माझ्याबरोबर एका जोडीनं या, दोघींचं वजन मिळून वाऱ्याला पुरून उरेल. लेक म्हणत होती पुरे झालं आता. काकूंनी थोडा वेळ मुलीच्या हातांकडे पाहिलं. ‘‘हिच्याबरोबर जाते,’’ म्हणाल्या. उरलेल्या सगळ्या तारा त्या तिच्या पुढ्यात बसून गेल्या, आणि शेवटच्या तारेवर तर त्यांचा आवाज आधी पोहोचला आणि त्या मागून. खाली काका खुर्चीतून उठून उभे होते. नातवानं त्यांना सगळं सांगितलं. काकांनी काकूंना एकच प्रश्न विचारला, ‘‘चहा घेणार?’’ चहा नव्हता, कोको टी होता, दालचिनी-जायफळ घातलेला. दोघांनी तो वाटून घेतला.

संध्याकाळी अहवाल भरताना ‘सुरक्षितता’ या रकान्यापुढे मी सर्वोच्च गुण दिले. एका साथीदारानं विचारलं, गेस्ट अडकली आणि तू पूर्ण गुण देतेस? मी म्हटलं, अडकली म्हणूनच तर दिसलं ती माणसं कशी आहेत ते. तारेवर थांबणं हा काही अपघात नाही, ते गृहीत धरूनच त्यांना शिकवलेलं असतं. खाली दोन सूचना लिहिल्या. एक आमच्या डेस्कसाठी: हलक्या वजनाच्या गेस्टला तिकीट देतानाच सांगावं की वाऱ्याच्या दिवशी तुम्हाला गाईडबरोबर जोडीनं सोडतील, त्यात कमीपणा काही नाही. ती मॅनेजरनं मान्य केली, आता आम्ही सांगतो. दुसरी तिथल्या लोकांसाठी: मोठ्यांच्या पेटीत लहान मापाचे ग्लोव्हज ठेवा. त्याचं अजून झालेलं नाही. कॅस्ट्रीजला बोट लागली की मी त्यांच्या माणसाला धक्क्यावर गाठते आणि विचारते.