जर्मनीत स्वयंसेवेचं वर्ष: कराड ते श्टुटगार्ट, व्हाया व्हिसा

माझ्या करारपत्रावर माझं आडनाव ‘दिलीप’ असं छापून आलं होतं. दिलीप हे माझ्या बाबांचं नाव. अर्जासोबत मी बारावीची मार्कशीट जोडली होती. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव आणि शेवटी वडिलांचं नाव असतं. जर्मनीतल्या ऑफिसात कुणीतरी तो शेवटचा शब्द आडनाव समजून उचलला. पासपोर्टवर एक नाव आणि करारावर दुसरं, असे कागद घेऊन व्हिसाला जाण्यात अर्थ नव्हता. करार नव्याने छापून घेऊन त्यावर पुन्हा सगळ्यांच्या सह्या व्हायला तीन आठवडे गेले.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते. पहिल्या मेलपासून पासपोर्टचं पान जोडा आणि पासपोर्टवर ‘सरनेम’ आणि ‘गिव्हन नेम’ या दोन रकान्यांत जे आहे तेच प्रत्येक फॉर्मवर अक्षरशः तसंच लिहा. ‘गिव्हन नेम’मध्ये वडिलांचं नावही असेल तर तेही लिहा. मार्कशीटवरचा क्रम वेगळा का आहे हे एका ओळीत कळवा. त्यांना आपली पद्धत माहीत असण्याचं काही कारण नाही.

आता मुळापासून. सप्टेंबर 2025 पासून मी श्टुटगार्टजवळच्या एका गावात दिव्यांग मुलांच्या शाळेत आणि तिला लागूनच्या वसतिगृहात काम करते. या कामाला इथे फ्रायविलिगेस झोत्सियालेस यार म्हणतात, म्हणजे स्वेच्छेचं सामाजिक वर्ष. सगळे एफएसजे म्हणूनच ओळखतात. त्याचा पहिला कायदा 1964 साली झाला आणि वयाची 27 वर्षं पूर्ण व्हायच्या आत ते करता येतं. वय त्याहून जास्त असेल तर बीएफडी आहे, बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट. सक्तीची लष्करभरती थांबवल्यावर जर्मन सरकारने 2011 मध्ये ती सेवा सुरू केली. तिला वयाची वरची मर्यादा नाही. दोन्हींत साधारण वर्षभर काम असतं, आणि 27 च्या आतल्यांना वर्षात 25 दिवस सेमिनारचे असतात.

आपल्याकडे ‘व्हॉलंटियर’ म्हटलं की लोकांना टुरिस्ट व्हिसावर दोन-तीन आठवडे जाऊन येणं वाटतं. हे तसं नाही. यासाठी राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे डी व्हिसा लागतो आणि तो भारतातूनच घेऊन निघावं लागतं. शेंगेनच्या टुरिस्ट व्हिसावर येऊन इथे तो बदलून घेऊ, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

सगळ्याचा पाया म्हणजे करारपत्र. एफएसजेमध्ये त्यावर तिघांच्या सह्या असतात: तुमची, जिथे प्रत्यक्ष काम करणार त्या संस्थेची, आणि या दोघांमध्ये असणाऱ्या ‘ट्रेगर’ची. ट्रेगर म्हणजे तुमची निवड, सेमिनार, विमा आणि कागदपत्रं बघणारी मोठी संस्था. बीएफडीचा करार थेट जर्मन सरकारशी होतो. करारात कामाचे तास, किती महिने, हातखर्च किती, राहायला जागा आणि जेवण मिळणार का, हे सगळं लिहिलेलं हवं. व्हिसा अधिकारी बघतात ते हेच की ही व्यक्ती इथे कशावर जगणार. माझ्या करारात खोली, कामाच्या दिवशीचं जेवण आणि 420 युरो हातखर्च स्पष्ट लिहिला होता, त्यामुळे माझ्याकडे ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवलेलं बँक खातं, कुणी मागितलं नाही. हातखर्चाला कायद्याने कमाल मर्यादा आहे, 2025 मध्ये ती महिना 644 युरो होती. आरोग्य विम्याचे हप्ते संस्थेकडून जातात. याला पगार समजू नका आणि घरीही तसं सांगू नका, नाहीतर घरचे तुमच्याकडून पैसे येण्याची वाट बघत बसतात.

एजंटांबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. 2024 मध्ये महाराष्ट्र शासन आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. तेव्हापासून आमच्या भागात जर्मनीचं नाव घराघरांत पोचलं आणि त्याबरोबर एजंटही आले. एकाने बाबांना अडीच लाख रुपये सांगितले, ‘जागा मिळवून देण्याचे’. बाबा सोसायटीचं कर्ज काढायला तयार झाले होते. मी स्वतः बावीस संस्थांना लिहिलं. त्यातल्या एकीनेही अर्जाचे पैसे मागितले नाहीत. नऊ जणांनी उत्तर दिलं, चौघांनी व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली, दोघांनी होकार कळवला. याला नोव्हेंबर ते मार्च असे पाच महिने लागले. पैसे देऊन हा वेळ वाचत नाही. उलट एजंटाने बनवलेलं पत्र तुमच्या गळ्यात पडतं आणि पुढे तेच अडचणीत आणतं.

ते पत्र म्हणजे मोटिव्हेशन लेटर. माझ्या मैत्रिणीच्या एजंटाने दिलेला नमुना मी वाचला. जर्मन संस्कृतीची आवड, समाजसेवेची ओढ, भाषा सुधारण्याची संधी. कुणाचंही नाव टाकावं आणि चालून जावं असं. मी माझं लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा माझंही तसंच झालं. मग आईने विचारलं, “तू ओंकारचं का नाही लिहीत?” ओंकार माझा मावसभाऊ. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. कॉलेजची तीन वर्षं मी मावशीकडे राहिले आणि रात्रीचं जेवण त्याला मीच भरवायचे. मान थोडी पुढे घेऊन बसवायचं, घास छोटा, गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, पाणी घाईने पाजायचं नाही. मी हे सगळं लिहिलं. असं काम मोठ्या शाळेत कसं चालतं ते बघायचं आहे आणि परत येऊन विशेष शिक्षणात डिप्लोमा करायचा आहे, हेही लिहिलं. पत्र सव्वा पानाचं झालं. माझ्या सगळ्या फाइलमध्ये सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते हे सव्वा पान.

भाषेचं थोडक्यात. मी पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या बी-वन पातळीची परीक्षा दिली. तिचे वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात. प्रत्येकात 100 पैकी 60 लागतात आणि एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. त्याखालच्या ए-टू पातळीवर घेणाऱ्या संस्थाही आहेत, पण मुलांबरोबर काम करायचं तर बी-वन हवंच असं माझं मत आहे. मूल रडत असताना शब्दकोश उघडता येत नाही.

ज्या कागदाबद्दल मला आधी कुणी सांगितलं नव्हतं तो म्हणजे गोवराच्या लसीचा पुरावा. जर्मनीत मार्च 2020 पासून शाळा, पाळणाघरं, दवाखाने अशा ठिकाणी काम करणाऱ्या आणि 1970 नंतर जन्मलेल्या माणसाला गोवराचे दोन डोस झाल्याचं किंवा शरीरात प्रतिकारशक्ती असल्याचं दाखवावं लागतं. माझं लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड घर बदलताना हरवलेलं. डॉक्टरांच्या सल्ल्याने मी एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्र लसीचे दोन डोस पुन्हा घेतले. दोन डोसांत किमान चार आठवड्यांचं अंतर लागतं, म्हणून हे शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. डॉक्टरांकडून तारखा, लसीचं नाव, सही-शिक्का असं सगळं इंग्रजीत घ्या. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मुलांच्या संस्था मागतात. ते पासपोर्ट सेवा पोर्टलवरून 500 रुपयांत होतं. आमच्याकडे पोलीस घरी चौकशीला आले तेव्हा मी पुण्यात होते, त्यामुळे दहा दिवस वाया गेले. अर्ज केल्यावर घरीच थांबा.

व्हिसाचा अर्ज आता ऑनलाइन सुरू होतो. जानेवारी 2025 पासून जर्मनीने राष्ट्रीय व्हिसासाठी जगभर एकच पोर्टल चालू केलं आहे. तिथे फॉर्म भरायचा, कागद अपलोड करायचे. ते तपासून झाले की व्हिसा केंद्रावर प्रत्यक्ष हजर राहायची वेळ मिळते. मी एप्रिलमध्ये भरलं. माझा एक कागद परत आला, कारण कराराचं मागचं पान मी स्कॅनच केलं नव्हतं. कोरं दिसलं तरी मागचं पान स्कॅन करा. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या लोकांसाठी मुंबईचा वाणिज्य दूतावास आहे. फी 75 युरो, त्या दिवशीच्या दराने रुपयांत.

कराडहून जाणाऱ्यांना महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची. रात्री ओगलेवाडीच्या स्टेशनवर बसलं की सकाळी सीएसएमटी. पण अपॉइंटमेंट अकराच्या आधीची असेल तर आदल्या दिवशीच जा. गाडीला उशीर झाला तर पुढची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नाही. व्हिसा केंद्रावर बॅग ठेवायला जागा नव्हती. बाबा खाली फुटपाथवर दोन तास बॅग धरून उभे होते. बरोबर कुणी नसेल तर बॅग स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवून जा.

काउंटरवरच्या ताईंनी फाइल उघडली आणि प्रत्येक कागदाचं मूळ आणि झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवत गेल्या. मी सगळं त्यांच्या यादीच्या क्रमाने लावलं होतं, स्टेपल न करता. पासपोर्ट, त्यात दोन कोरी पानं, फोटो, करार, पत्र, बायोडेटा, भाषेचं सर्टिफिकेट, मार्कशीट, जर्मनीतला विमा सुरू होईपर्यंतचा प्रवास विमा. वीस मिनिटांत काम झालं. माझ्या शेजारच्या मुलाने प्लास्टिकच्या बाइंडिंगमध्ये फाइल आणली होती, त्याला ती तिथेच उसवावी लागली.

तीन आठवड्यांनी दूतावासातून मुलाखतीला बोलावणं आलं. सगळ्यांना येतंच असं नाही. नरिमन पॉइंटला काचेपलीकडे एक बाई होत्या. त्यांनी जर्मनमध्ये विचारलं, “तिथे सकाळपासून तुम्ही काय करणार?” मी संस्थेला आधीच विचारून दिवसाचा क्रम समजून घेतला होता, तोच सांगितला. मुलांना उठवणं, तोंड धुवायला मदत, नाश्ता, वर्गात नेणं. मग त्यांनी पत्र उचललं. “ओंकार आता किती वर्षांचा आहे?” मी म्हटलं, सतरा. “तुम्ही तिथे असताना त्याला कोण भरवणार?” हा प्रश्न मला कुठल्याही तयारीत भेटला नव्हता. मी म्हटलं, मावशी, आणि माझा धाकटा भाऊ, त्याला मी शिकवलं आहे. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, झालं. जे पत्र आपलं असतं त्यावर कुठूनही प्रश्न आला तरी उत्तर देता येतं.

पुढे वाट बघणं. माझा अर्ज इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, परकीय नागरिक कार्यालयाकडेही जाऊन आला. एकूण नऊ आठवडे लागले. रोज मेल करू नका, पण कामाची तारीख जवळ आली असेल तर ट्रेगरला कळवा. त्यांनी इथल्या कार्यालयात एक फोन केला त्याचा मला उपयोग झाला. याच काळात, 1 जुलै 2025 पासून, जर्मनीने ‘रेमोन्स्ट्रात्सिओन’ जगभर बंद केलं. आधी व्हिसा नाकारला तर दूतावासाकडेच फेरविचार मागता यायचा. आता नव्याने अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं, एवढेच दोन मार्ग उरले. म्हणून पहिलाच अर्ज पूर्ण असू द्या. 1 सप्टेंबरला काम सुरू होणार असेल तर अर्ज मेनंतर नको.

28 ऑगस्टला मुंबई ते फ्रँकफर्ट थेट विमान आणि विमानतळावरूनच श्टुटगार्टची रेल्वे. इमिग्रेशनला करारपत्र हातातल्या बॅगेत ठेवा, मला तेच दाखवायला सांगितलं. बरोबर किमान 600 युरो असू द्या, कारण हातखर्च महिन्याच्या शेवटी येतो आणि त्यासाठी इथलं बँक खातं लागतं.

पहिल्या सकाळी मला नऊ वर्षांच्या एका मुलीजवळ बसवलं. ती बोलत नाही. तिच्या पाण्यात एक पूड मिसळून ते मधासारखं दाट केलं होतं, म्हणजे ठसका लागत नाही. मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या संध्याकाळी मावशीला फोन करून सांगितलं, डॉक्टरांना ही पूड विचार. कराडला मिळाली नाही, पुण्याहून मागवली. ओंकार आता जेवताना कमी खोकतो.

येऊन पोचल्यावर दोन आठवड्यांत ‘आनमेल्डुंग’ करायचं असतं, म्हणजे राहण्याच्या पत्त्याची नगरपालिकेत नोंदणी. त्यासाठी घरमालकाचा सहीचा कागद लागतो, तो संस्थेकडून पहिल्याच दिवशी मागून घ्या. डी व्हिसाची मुदत वर्षभराची नसेल तर निवास परवान्याचा अर्ज ती संपायच्या आत करायचा. माझा सहा महिन्यांचा होता, मी दुसऱ्याच आठवड्यात अर्ज टाकला. आणि एक राहिलं. इथे पोस्टमन दारावरचं नाव बघून पत्र टाकतो. विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर, परवान्याची तारीख सगळं पोस्टाने येतं. नाव नसेल तर पत्र परत जातं. मी पहिल्या दिवशी लेटरबॉक्सवर पासपोर्टवरचं आडनाव लिहून चिकटवलं, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात ‘दिलीप’ असंही. जुना करार कुठल्या ऑफिसात राहिला असेल सांगता येत नव्हतं. विम्याचं पहिलं पत्र बाबांच्या नावानेच आलं.