छतावरच्या प्रोजेक्टरचे सहा आकडे

ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला आणि वर्ग नेरुळ, कोपरखैरणे, ऐरोलीला, अशी मांडणी असलेले क्लासेस आणि ट्रेनिंग सेंटर इकडे पुष्कळ आहेत. सकाळी साडेसातची बॅच बसलेली असते, छताला टांगलेला प्रोजेक्टर लाल दिवा मिचकावत असतो, आणि त्यातलं कळणारा एकुलता एक माणूस ट्रान्सहार्बरच्या गाडीत उभा असतो. प्रोजेक्टर नेटवर्कवर घेतले की ही पाळी बहुतेक वेळा टळते. पण बहुतेक जण लांबून चालू-बंद करता आलं की तिथेच थांबतात. खरा उपयोग आहे तो प्रोजेक्टरला आदल्या रात्री 'कसा आहेस?' असं विचारण्याचा आणि तो सहा आकड्यांत जे सांगतो ते नीट वाचण्याचा.

आधी मेनूतली एक ओळ तपासा: स्टँडबाय मोड. प्रोजेक्टर बंद असताना त्याचं नेटवर्क कार्ड जागं राहणार की नाही, हे इथे ठरतं. एप्सनमध्ये हा पर्याय 'कम्युनिकेशन ऑन' अशा नावानं दिसतो, इतर कंपन्यांत 'नेटवर्क' किंवा 'नॉर्मल' म्हणून. 'इको' ठेवलं असेल तर लांबून बंद करता येतं, चालू करता येत नाही. 'संध्याकाळी चाललं होतं, सकाळी दिसतच नाही' या तक्रारीच्या मुळाशी अनेकदा हेच असतं. वीज थोडी जास्त जाते, तेवढी जाऊ द्या.

मग केबल. लांबून सांभाळायचा प्रोजेक्टर वाय-फायवर ठेवू नका. लॅनची वायर ओढून घ्या. मागच्या पॅनेलवर अनेक मॉडेलांत एकसारखी दिसणारी दोन भोकं असतात. एकावर 'लॅन' लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर 'एचडीबेसटी', म्हणजे तसल्याच वायरीतून चित्र आणि आवाज आणणारं भोक. दोन्हींत तोच आरजे-४५ प्लग बसतो, आणि शिडीवर उभं राहून वर हात घालून काम करणाऱ्याला ते लिहिलेलं दिसत नाही. स्विचकडून आलेली वायर एचडीबेसटीत गेली की लिंकचा दिवा लागत नाही आणि सगळे आयपी पत्त्यात चूक शोधत बसतात. एचडीबेसटीतूनही नेटवर्क नेता येतं, पण त्यासाठी दुसऱ्या टोकाला त्याचा ट्रान्समीटर लागतो, साधा स्विच चालत नाही. वाशी-नेरुळच्या खाडीकाठच्या दमट हवेत प्लगच्या पिनांवर हिरवट थर चढतो, तेव्हा पावसाळ्यानंतर एकदा प्लग काढून बघावा.

पत्ता कायमचा हवा. राउटरमध्ये मॅक पत्त्यावर, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या कारखान्यातून आलेल्या क्रमांकावर, आयपी राखून ठेवणं मला सगळ्यात सोयीचं वाटतं, कारण प्रोजेक्टर बदलला तरी छताकडे न जाता राउटरवरच काम होतं. मात्र वायरचा आणि वाय-फायचा मॅक वेगवेगळा असतो. स्टिकरवरून उतरवताना वायरचाच घ्या. आणि नाव देताना 'प्रोजेक्टर ३' असं देऊ नका, 'नेरुळ, दुसरा मजला, खोली २०४' असं द्या. रात्री अकराला इशारा आला की तिसरा कुठला हे आठवत बसायला लागू नये.

आता प्रोजेक्टरशी बोलायची भाषा. सगळे प्रोजेक्टर एकाच कंपनीचे असतील तर त्या कंपनीचं मोफत सॉफ्टवेअर आधी वापरून बघा: एप्सनचं 'प्रोजेक्टर मॅनेजमेंट', पॅनासॉनिकचं 'मल्टी मॉनिटरिंग अँड कंट्रोल'. पण आपल्याकडे खरेदी टप्प्याटप्प्यानं होते, एका मजल्यावर एक कंपनी आणि दुसऱ्यावर दुसरी. तिथे पीजेलिंक कामाला येतं. जपानमधल्या जेबीएमआयए या उद्योगसंघटनेनं ही सामाईक भाषा आखली आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्क प्रोजेक्टरांना ती येते. बऱ्याच नव्या मॉडेलांत मात्र ती मेनूतून चालू करावी लागते.

पीजेलिंक टीसीपीच्या ४३५२ या पोर्टवर चालतं. खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, प्रत्यक्षात त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत जातात. जोडणी झाली की पहिला बोलतो तो प्रोजेक्टरच. 'पीजेलिंक ०' म्हणाला तर पासवर्ड नाही. 'पीजेलिंक १' म्हणून पुढे आठ अक्षरांचा एक आकडा दिला तर पासवर्ड आहे. मग तो आकडा आणि पासवर्ड, मध्ये जागा न सोडता, याच क्रमानं जोडायचे, त्याचा एमडी-५, म्हणजे उलटा सोडवता न येणारा सांकेतिक ठसा, काढायचा आणि ती ३२ अक्षरं पहिल्या आज्ञेच्या आधी चिकटवून पाठवायची. दर जोडणीला आकडा नवा असतो, त्यामुळे कालचं उत्तर आज चालत नाही. चुकलं तर 'एरा', म्हणजे ई-आर-आर-ए, असं उत्तर येतं.

प्रत्येक आज्ञेची सुरुवात टक्क्याच्या चिन्हानं, मग १ (म्हणजे पीजेलिंकचा पहिला वर्ग), मग चार अक्षरं, मग एक जागा आणि मागणी. स्थिती विचारायची तर पी-ओ-डब्ल्यू-आर आणि प्रश्नचिन्ह. ओळ संपते ती फक्त कॅरेज रिटर्न या न दिसणाऱ्या अक्षरानं. इथे दोन ठिकाणी पाय अडकतो. विंडोजच्या टेलनेटमधून एंटर दाबलं की त्यामागे आणखी एक अक्षर, लाइन फीड, जाऊ शकतं, आणि काही मॉडेल त्यानं बिथरतात. पुटी या जोडणीच्या प्रोग्रॅममध्ये 'रॉ' जोडणी निवडली तरी ओळीचा शेवट काय जातोय ते तपासा. लिनक्सवर प्रिंटएफनं आज्ञा बनवून ती पाठवायला नेटकॅट या प्रोग्रॅमला देत असाल तर टक्का दोनदा लिहावा लागतो, कारण प्रिंटएफ एकटा टक्का स्वतःसाठी ठेवतो. आज्ञा बरोबर असूनही 'ईआरआर १', म्हणजे 'ही आज्ञा कळली नाही', असं येत असेल तर आधी हे बघा.

पॉवरच्या प्रश्नाला चार उत्तरं येतात: ० म्हणजे स्टँडबाय, १ चालू, २ थंड होतोय, ३ गरम होतोय. चालू करण्याची आज्ञा दिली की लगेच 'ओके' येतं. त्या 'ओके'चा अर्थ एवढाच की आज्ञा पोचली. दिवा लागला असा त्याचा अर्थ नाही. एक मिनिटानं पुन्हा विचारा आणि १ आला तरच खूण करा. त्या मधल्या वेळात इनपुट बदलायला सांगितलं तर अनेक प्रोजेक्टर 'ईआरआर ३' देतात, म्हणजे 'आत्ता नाही'. ही चूक नाही. थोडं थांबून परत पाठवायचं. स्क्रिप्टमध्ये हे थांबणं घातलेलं नसलं की प्रोजेक्टर चालू होतो, पण पडद्यावर लॅपटॉपऐवजी 'नो सिग्नल' येतं.

आता ते सहा आकडे. ई-आर-एस-टी आणि प्रश्नचिन्ह पाठवलं की सहा आकड्यांची एक ओळ येते. क्रम ठरलेला: पंखा, दिवा, तापमान, उघडं झाकण, फिल्टर, इतर. प्रत्येक जागी ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे बिघाड. समजा, ऐरोलीच्या खोलीतून '००००१०' आलं. पाचवी जागा, फिल्टर, इशारा. शनिवारी सवडीनं झटकला तरी चालेल. तोच प्रोजेक्टर दोन दिवसांनी '००१०१०' म्हणाला, तर तिसरी जागाही जागी झाली. फिल्टर तुंबलाय आणि त्यामुळे आतली उष्णता वाढतेय. आता शनिवारची वाट बघायची नाही, आजच शिडी लावायची. '००२०१०' येईपर्यंत थांबलात तर प्रोजेक्टर स्वतःला वाचवायला बंद पडलेला असेल, तोही भर वर्गात.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत आणि घोडबंदर रोडवर बांधकामाची धूळ असते. अशा ठिकाणी कंपनीनं लिहिलेल्या तासांवर विसंबून फिल्टर साफ करू नका, या पाचव्या आकड्यावर करा, आणि धुळीच्या खोल्यांत त्याच्याही आधी. साफ करताना स्पंजचा फिल्टर ब्लोअरनं उलट्या बाजूनं उडवा. मॅन्युअलमध्ये धुवा असं लिहिलेलं नसेल तर पाणी लावू नका.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. ० चा अर्थ 'सगळं ठीक' असा नेहमीच नसतो. एखाद्या मॉडेलमध्ये ती गोष्ट तपासायची सोयच नसेल, तरी त्या जागी ० च येतो. स्वस्त प्रोजेक्टर फिल्टरबद्दल जन्मभर ० सांगत राहील. म्हणून प्रत्येक मॉडेल बसवतानाच एकदा फिल्टरचं झाकण उघडून बघा, चौथा आकडा बदलतो का. नाही बदलला तर त्या मॉडेलच्या शून्यांवर विसंबू नका, साफसफाई तारखेवर ठेवा.

दिव्याचे तास एल-ए-एम-पी या आज्ञेनं कळतात. उत्तरात तास आणि दिवा चालू की बंद ते येतं. हा आकडा रोज साठवा. अचानक शून्याजवळ गेला तर कुणीतरी दिवा बदलून काउंटर रिसेट केलाय. उलट, दिवा बदलूनही जुनाच आकडा चढत असेल तर रिसेट राहून गेलंय आणि प्रोजेक्टर नव्या दिव्यावर 'बदला' म्हणत राहील. लेसर प्रोजेक्टरकडे दिवा नसतो. त्यातले काही प्रकाशस्रोताचे तास देतात, काही 'ईआरआर १'. तो बिघाड समजू नका.

किती वेळानं विचारावं? मिनिटातून एकदा पुरे. जोडणी उघडा, प्रश्न विचारा, बंद करा. उघडी ठेवून उपयोग नाही, कारण ३० सेकंद काही बोलणं झालं नाही तर प्रोजेक्टर स्वतःच ती तोडतो. शिवाय बरीच मॉडेल एका वेळी एकाच जोडणीला दाद देतात. भिंतीवरच्या टच पॅनेलनं ती धरून ठेवली असेल तर तुमच्या संगणकाला दार बंद. अशा वेळी तीनदा लागोपाठ उत्तर आलं नाही तरच इशारा पाठवा, नाहीतर फोन वाजत राहील आणि चार दिवसांत कुणी तिकडे बघणार नाही.

विचारणारं यंत्र वर्गाच्याच इमारतीत ठेवा, रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणकसुद्धा पुरतो. ठाण्यातून त्याच्याकडे व्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी बंदिस्त वाटेनं, जा. राउटरवर ४३५२ उघडून इंटरनेटवरून थेट प्रोजेक्टरकडे जायची वाट कधीही करू नका. पासवर्ड एमडी-५ मध्ये लपतो, पण बाकीचं सगळं बोलणं उघड्यावर चालतं. फॅक्टरीचा पासवर्ड मॅन्युअलमध्ये छापलेला असतो, तो पहिल्याच दिवशी बदला. पीजेलिंकच्या दुसऱ्या वर्गात, क्लास २ मध्ये, यूडीपीवर, म्हणजे जोडणी न करता, सगळ्यांना एकदम हाक मारून प्रोजेक्टर शोधता येतात, पण ती हाक राउटरपलीकडे जात नाही. ठाण्यातून शोध घेऊन नेरुळचा एकही दिसला नाही तर घाबरू नका.

मधल्या सुट्टीसाठी प्रोजेक्टर बंद करू नका. गरम दिवा परत लागायला आधी थंड व्हावा लागतो आणि त्याचं आयुष्यही घटतं. ए-व्ही-एम-टी ३१ या आज्ञेनं चित्र आणि आवाज झाकले जातात, ३० नं परत येतात. एप्सनच्या अनेक मॉडेलांत मात्र असं झाकून अर्धा तास गेला की प्रोजेक्टर आपोआप बंद होतो, ती वेळ मेनूत बघून ठेवा. सकाळी सगळे एकदम चालू करू नका, दोघांत दहा सेकंद सोडा, म्हणजे एका सर्किटवर एकदम भार येणार नाही. रात्री बंद करताना आधी स्थिती विचारा, १ असेल त्यालाच आज्ञा द्या, आणि पाच मिनिटांनी परत विचारा.

आता एमसीबी, म्हणजे मीटरच्या पेटीतले मजल्याचे मुख्य स्विच. रात्री वॉचमन मजल्याचे सगळे स्विच पाडतात. त्यांचं काम ते चोख करतात, पण त्यानं नेटवर्क कार्डही मरतं आणि दिवा थंड करणारा पंखाही मधेच थांबतो. प्रोजेक्टर आणि त्या मजल्याचा नेटवर्क स्विच वेगळ्या एमसीबीवर घ्या. आणि मेनूतलं 'डायरेक्ट पॉवर ऑन' बंद ठेवा. नाहीतर महावितरणची गेलेली वीज रविवारी पहाटे परत आली की रिकाम्या इमारतीतले सगळे प्रोजेक्टर आपोआप पेटतात आणि सोमवारपर्यंत पांढरी भिंत उजळत बसतात. वेगळ्या एमसीबीवर मराठीत मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा, 'हा स्विच बंद करू नये', आणि खाली कुणाला विचारायचं त्याचा नंबर. रात्रपाळीचा वॉचमन बदलला की नव्याला ती चिठ्ठी स्वतः दाखवा.