मित्राच्या मिक्समधून सापडलेला म्दू मोक्तार

माझा एक मित्र अधूनमधून गाण्यांचं मिक्स करून पाठवतो, एकच लांबलचक फाईल, गाण्यांची नावं वगैरे काही नाही, ऐक आणि आवडलं तर विचार. या वेळच्या मिक्समध्ये मध्येच एक कोंबडा आरवला आणि पाठोपाठ जी गिटार सुरू झाली ना, मी हातातलं काम सोडून नुसती ऐकत बसले. लगेच मेसेज केला, हे कोण? उत्तर आलं, म्दू मोक्तार, पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाचा गिटारवाला, गाणं 'चिस्मितेन'.

तेव्हापासून घरात दुसरं काही वाजत नाहीये.

हा तुआरेग, म्हणजे सहारा वाळवंटातल्या भटक्या जमातीतला माणूस, सहाराच्या कडेला असलेल्या अगादेझ भागातला, गातो तमाशेक भाषेत. घरचं वातावरण धार्मिक, गिटारबिटार चालायची नाही, म्हणून पठ्ठ्याने लाकडाची गिटार स्वतःच बनवली आणि तारा म्हणून सायकलच्या ब्रेकच्या वायरी लावल्या! डावखुरा आहे, आणि उजव्या हाताची बोटं गिटारच्या दांड्यावर अशी काही पळतात की दोन गिटारी वाजतायत असं वाटतं. तरी नुसता वेग दाखवणं नाही ते, सूर खाली एका जागी धरून ठेवलेला असतो आणि त्याच्यावर हे सगळं चाललेलं असतं. ताल मोजायला गेलं तर बऱ्याच गाण्यांत सहाचा, आपल्या दादऱ्यासारखा वाटतो पण टाळी भलत्याच ठिकाणी पडते. त्याला लोक सहाराचा हेंड्रिक्स म्हणतात (जिमी हेंड्रिक्स, तो नावाजलेला अमेरिकन रॉक गिटारवादक), मला ते फार पटत नाही, कारण हेंड्रिक्स ऐकलेला नसला तरी हे थेट आत जातं.

पण मला सगळ्यात भारी वाटलं ते हे की त्याची गाणी पसरली कशी. 2008 मध्ये त्याने नायजेरियातल्या सोकोटोला जाऊन 'अनार' नावाचा अल्बम रेकॉर्ड केला, आवाजावर भरपूर ऑटोट्यून, म्हणजे सूर यंत्राने सरळ केलेला. त्याला कंपनी नाही, दुकानात सीडी नाही, गाणी गेली मोबाईलच्या मेमरी कार्डवरून आणि ब्लूटूथवरून, एका फोनातून दुसऱ्या फोनात, सहाराच्या दक्षिणेच्या अख्ख्या साहेल पट्ट्यात. आपल्याकडे मोबाईलच्या दुकानात 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी असायची, कार्ड दिलं की तो पोरगा पोटभर गाणी टाकून द्यायचा, अगदी तसंच! मग ख्रिस्तोफर किर्कली नावाच्या अमेरिकन माणसाने लोकांच्या फोनमधली अशी गाणी गोळा करून एक संकलन काढलं आणि त्यात म्दूचं गाणं होतं. म्हणजे तोही बाहेरच्या जगाला सापडला तो कुणीतरी केलेल्या मिक्समधूनच.

शब्द कळत नाहीत म्हणून अर्थ शोधून वाचले. 2021 चा अल्बम 'आफ्रिक व्हिक्तीम' (म्हणजे 'बळी आफ्रिका') नावापासूनच स्पष्ट आहे, आफ्रिकेवर झालेल्या अन्यायाबद्दल तो सरळ बोलतो. नायजरमध्ये युरेनियम आहे, आर्लितच्या खाणी फ्रेंच कंपनीने वर्षानुवर्षं चालवल्या आणि देश गरीबच राहिला, हा राग 2024 च्या 'फ्युनरल फॉर जस्टिस'मध्ये नुसता उसळतो. त्याच अल्बमची गाणी त्याने आणि त्याच्या बँडने परत शांतपणे, अकूस्टिक, म्हणजे विजेच्या गिटारीशिवाय वाजवली, तो अल्बम 2025 मध्ये आला, 'टिअर्स ऑफ इनजस्टिस'. त्यामागची गोष्ट अशी की जुलै 2023 मध्ये नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा बँड अमेरिकेत दौऱ्यावर होता, सीमा बंद, घरी जाता येईना, बायकापोरं तिकडे. अशा दिवसांनंतर न्यूयॉर्कमध्ये बसून त्यांनी हे रेकॉर्ड केलंय. तेच गाणं आधी ओरडून आणि मग असं दबलेल्या आवाजात ऐकलं की दुसरंच जास्त लागतं, मला तरी लागलं.

ज्यांना ऐकायचंय त्यांनी 'आफ्रिक व्हिक्तीम'पासून सुरू करा, त्यातलं 'ताला तन्नाम' हळू आहे, रात्रीसाठी मस्त. मग ते जस्टिसवाले दोन्ही अल्बम पाठोपाठ, त्याच क्रमाने. आणि प्लीज हेडफोन लावून, फोनच्या स्पीकरवर बेस सगळा गायब होतो आणि बँडमधल्या मायकी कोल्टनची बेस गिटार चुकवण्यासारखी नाहीये.