रंगानं आवाज बदलतो का?

गिटार हातात घेतात, उलटीसुलटी करून बघतात, खालच्या काठावर निळा रंग जिथं थोडा विरळ झालाय तिथून अंगठा फिरवतात आणि विचारतात, "ही तुम्हीच रंगवलीत? मग रंगानं आवाज बदलला का हो?" सुटे भाग आणून इलेक्ट्रिक गिटार बांधली असं सांगितलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. उभ्या उभ्या मी "नाही" म्हणून मोकळी होते, पण ते उत्तर अर्धंच आहे. तुम्ही विचारलंत म्हणून आज उरलेलं अर्धंही सांगते.

"नाही" हे मी ऐकून सांगते. रंगाला हात घालण्याआधी ही गिटार मी कोऱ्या लाकडातच पूर्ण जोडली होती. नेक (गिटारची लांब मान), ब्रिज (तारा बॉडीवर जिथं टेकतात तो भाग), तारा, वायरिंग, सगळं. पहिल्यांदा बांधणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून करायला सांगते. नेकच्या टोकाशी तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला नट म्हणतात, आणि नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढंच तिथून ब्रिजच्या सॅडलपर्यंत, म्हणजे तार ज्या तुकड्यावर टेकते तिथपर्यंत, यायला हवं. माझ्या नेकची स्केल, म्हणजे हे सगळं अंतर, 25.5 इंचांची, म्हणजे इकडे 12.75 आणि तिकडे 12.75, शिवाय जाड तारांचे सॅडल किंचित मागे घ्यायला जागा. दोन्ही कडेच्या तारा नेकच्या काठांपासून सारख्याच आत राहतात की एक बाहेर घसरतेय, तेही तारा चढवल्याशिवाय दिसत नाही. चूक कोऱ्या लाकडात सापडली तर भोक बुजवून नवं पाडता येतं. रंगानंतर सापडली तर सगळा रंग खरवडा.

तर त्या कोऱ्या गिटारवर मी एक छोटा तुकडा वाजवून रेकॉर्ड केला. रंगकाम संपल्यावर त्याच जाडीच्या नव्या तारा, तोच अँप, तेच पिक घेऊन तोच तुकडा पुन्हा वाजवला. दोन्ही रेकॉर्डिंग डोळे मिटून कितीतरी वेळा ऐकली. कुठली कोणती, मला सांगता आलं नाही. पुढे त्याच गिटारमधले 250 किलोओहमचे पॉट (आवाजाच्या बटणांखालचे रोधक) काढून 500 चे घातले, तेव्हा मात्र पहिल्याच फटक्यात आवाज उजळलेला कळला.

खरं म्हणजे हा प्रश्न अकूस्टिक गिटारचा आहे. तिथं वरची पातळ फळी थरथरते आणि आवाज तीच करते, त्यामुळे तिच्यावर रंगाचा जाड थर चढला तर ती दबते. इलेक्ट्रिकमध्ये ऐकण्याचं काम पिकअपकडे. चुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि त्या वेढ्यांत वीज उमटते. लाकूड आणि बांधणी तारेचं कंपन किती टिकू देतात यावर वाद घालायला माझी तयारी आहे. पण त्या लाकडावर निळा रंग आहे की पिवळा, हे पिकअपला कळायचा मार्गच नाही.

आता उरलेलं अर्धं उत्तर. एका जागी रंगानं फरक पडतो, आणि तो मी भोगला आहे: नेक बसते ती खाच. माझ्या पहिल्या गिटारला मी ही खाच न झाकताच रंगवली. रंगाआधी नेक तिथं हातानं दाबल्यावर घट्ट बसत होती, बॉडी उचलली तरी सुटत नव्हती. रंगाचे हात चढले आणि ती आत जाईना. मी जोर लावला. बारीक 'टिक्' असा आवाज आला आणि खाचेच्या कोपऱ्यातून रंगात केसासारखी चीर धावत गेली. बरं, तळाशी साचलेला रंगही सगळीकडे सारखा नव्हता. स्क्रू आवळल्यावर नेक एका बाजूला उचलली गेली, वरच्या फ्रेटवर तारा घासायला लागल्या, आणि ते मी कितीतरी दिवस ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सांभाळणारी सळई) फिरवून सुधारू पाहत होते. दोष खाचेत होता, औषध भलतीकडेच चाललं होतं. शेवटी पटाशीनं खाचेतला रंग काढून लाकूड उघडं केलं तेव्हा नेक सपाट टेकली.

म्हणून आता खाचेत मी आधी टेप लावते, मग एक लाकडी पट्टी नेकच्याच स्क्रूच्या भोकांतून आवळते. खाच झाकली जाते आणि रंगवताना बॉडी धरायला दांडाही मिळतो.

रंगकामाचा वेळ रंग मारण्यात जातच नाही. ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाला उघडी छिद्रं असतात. ती नीट भरली नाहीत तर वर कितीही हात द्या, महिन्याभरानं रंग आत बसतो आणि छिद्रं पुन्हा डोकं वर काढतात. आल्डरला हा त्रास नाही, पहिल्या गिटारसाठी तेच घ्या. मग लाकूड बंद करणारा सीलर, 320 नंबरचा घासायचा पेपर, रंगाचे पातळ पातळ हात, वर क्लिअर लॅकरचा पारदर्शक थर. नाकातोंडावर नुसतं फडकं बांधू नका, वाफ अडवणारा फिल्टरचा मास्कच लावा. आणि आसपास ज्योत किंवा ठिणगी नको, नायट्रोसेल्युलोज लॅकर भडकन पेटतं.

दमट हवेच्या दिवशी मी घाई केली आणि लॅकरवर साय धरल्यासारखा दुधी पडदा आला. थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. कोरड्या दिवशी थिनरचा हलका फवारा मारला तेव्हा तो पडदा विरघळला आणि खालचा निळा परत आला. तो येताना मी टक लावून बघत होते.

ही निळाई निवडायला मला फार दिवस लागले. फेंडर या गिटार कंपनीचे जुने रंग मोटारींचे होते हे कळल्यापासून मी त्या रंगांच्या प्रेमात आहे: फिएस्टा रेड फोर्ड थंडरबर्डचा, लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा. 1950 च्या दशकात गिऱ्हाइकाला असा खास रंग हवा असेल तर 5 टक्के जादा पडायचे. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलननं तर सुट्या बॉडीला सुटी नेक जोडली आणि सायकलचा रंग मारला. मास्किंग टेपच्या पट्ट्यांतून उमटलेल्या त्या रेघा आज नुसत्या दिसल्या तरी गिटार ओळखू येते.

शेवटी पाण्यानं घासायचं: साबणाचे दोन थेंब टाकलेलं पाणी, 1000, 1500, 2000 नंबरचे पेपर, मागे रबराचा ठोकळा. स्क्रूच्या भोकांत पाणी शिरू द्यायचं नाही, लाकूड फुगून कडेचा रंग तडकतो. आणि काठ सोडून घासायचं. काठावर लॅकर आधीच पातळ, तिथं दोन फेऱ्या जास्त झाल्या की रंगच निघतो. तुम्ही अंगठा फिरवता ना, ती जागा तीच. तिथं पुन्हा रंग द्यायचा विचार होता, पण वाजवताना मनगटाखालचा तो काठ पुढं झिजणारच, म्हणून तसाच ठेवला.

सध्या दुसरी बॉडी तारेला टांगली आहे. हिरवी, आल्डरची. रोज सकाळी मी नाक जवळ नेऊन बघते. लॅकरचा वास अजून येतोय, म्हणजे थिनर अजून आत आहे, पेपर लावायचा नाही.