कागदाक पाऊस लागलो हा

मालवणात पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या माणसाला वर्षातून एकदाच सुट्टी मिळते, तीही मागून मिळत नाही. मे सरता सरता सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात, १ जूनला मासेमारी थांबते आणि आमच्या चार खोल्यांच्या चाव्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकतात, त्या नारळी पौर्णिमेपर्यंत. या मोकळ्या दिवसांत मी एकदा गोधडी घेतली (अजून अर्धीच आहे), एकदा पेटीचा क्लास लावला (त्याबद्दल शेजारी अजून बोलतात). गेल्या पावसाळ्यात शुभेच्छापत्रं करायला घेतली.

निमित्त साधं होतं. दर दिवाळीला नेहमीच्या पाहुण्यांना मी मोबाइलवर पणतीचं चित्र पाठवायचे आणि तेच चित्र मला उलट सात जणांकडून यायचं. मग पुण्याच्या एका पाहुण्या बाईंनी राहून गेल्यावर हाताने केलेलं आभाराचं कार्ड पाठवलं. त्यावर कागदाचीच फुलं, एकावर एक तीन थर, कडा सुरीने कापल्यासारख्या. ते मी फ्रीजवर लावलं, आठवडाभर येता-जाता बघितलं, शेवटी बाईंना फोन केला. "अहो, मशीन आहे त्याचं," त्या म्हणाल्या. वहीत नेहमीच्या पाहुण्यांची चाळीस घरं निघाली. म्हणजे चाळीस कार्डं. जून, जुलै, ऑगस्ट मिळून चाळीस कार्डं काय, सहज होतील असं वाटलं.

मशीन आलं ते पहिल्या मुसळधार पावसात. दोन रूळ, बाजूला दांडा, पंधरा सेंटीमीटर रुंदीचं तोंड. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दांडा फिरवून पाहिला. "ह्यां काय गो? शिरवाळ्यो काढूचां यंत्र?" शिरवाळ्यो म्हणजे दाबून काढायच्या तांदळाच्या शेवया, नारळाच्या रसाबरोबर खायच्या. त्यानंतर वाडीभर तीच बातमी झाली. दोन शेजारणी तर नारळाचा रस कधी काढतेस म्हणून विचारून गेल्या.

खरं तर तत्त्व फार वेगळं नाही, दाब देऊन बाहेर काढायचं. डाय म्हणजे कागद कापायची पोलादाची पातळ नक्षी, एका बाजूला धार. खाली प्लास्टिकची पाटी, त्यावर कागद, कागदावर धार खाली करून डाय, वर दुसरी पाटी, आणि ही सगळी चळत रुळांतून फिरवायची. पाट्या आत जाताना कडकड आवाज करतात. पहिल्यांदा मला वाटलं मोडलं सगळं, पण तो आवाज त्यांचा नेहमीचाच. पाट्यांवर धारेचे वण उठतात आणि त्या एका बाजूला वाकायला लागतात, म्हणून दर खेपेला उलटून घालायच्या.

मोडलं ते दुसरंच. डायबरोबर नक्षीचे दोन फोल्डर आले होते. फोल्डरमध्ये कागद ठेवून दाबला की नक्षी कापली न जाता उठून येते, ते एम्बॉसिंग. फोल्डर स्वतःच जाड असतो, त्यामुळे त्याच्याबरोबर एक पाटी कमी लावायची असते. मी डायसाठी लावलेली चळत तशीच ठेवली. दांडा अडला. माणसाने तिथे थांबावं. मी कोकणातली सून, नारळ खवायच्या ताकदीने दांडा ओढला आणि एक फोल्डर मधोमध तडकला. तेव्हापासून माझा नियम आहे: दांडा अडला की हात सोडायचा, चळत बाहेर काढायची, पाट्या मोजायच्या.

जुलै मात्र निव्वळ रडण्यात गेला. डाय फिरवून काढली की फुलाच्या कडेला कापसासारखे तंतू. काही पाकळ्या सुटायच्या, काही कागदाला धरून राहायच्या, आणि ओढल्या की फाटायच्या. घडी घातली की घडीवर भेगा. रात्री सरळ ठेवलेलं कार्ड सकाळी पन्हाळीसारखं वळलेलं. मी दोष मशीनला दिला, मग डायला, मग कागद विकणाऱ्या दुकानाला. नवरा म्हणाला, "तुला इस्त्री देऊ का?" इस्त्रीही करून पाहिली. तासभर टिकली.

शेवटी कुडाळला गेले. आमच्या लग्नाच्या पत्रिका जिथे छापल्या त्या छापखान्यात अजून ट्रेडल, म्हणजे जुन्या पद्धतीचं छपाईचं मशीन आहे, त्यावर पत्रिकांचं डाय पंचिंग होतं. तिथल्या काकांसमोर माझं वळलेलं कार्ड ठेवलं. त्यांनी ते कानाजवळ नेऊन झटकलं. कोरडा कागद खडखडतो, माझा फडफडला. "वहिनी, कागदाक पाऊस लागलो हा."

पुढचा तासभर मी स्टुलावर बसून ऐकत होते, आणि जूनमध्येच इथे का आले नाही म्हणून स्वतःला बोल लावत होते. कागदाचे तंतू हवेतलं पाणी पितात आणि फुगतात, पण लांबीत कमी, जाडीत जास्त. म्हणून ओला कागद एकाच दिशेने वाकतो. तंतू ज्या दिशेने पडलेले असतात तिला छापखान्यात ग्रेन म्हणतात. काकांनी रद्दीतलं वर्तमानपत्र घेतलं, वरून खाली फाडलं तर सरळ पट्टी निघाली, आडवं फाडलं तर वेडीवाकडी. "आता कळलां?" घडी नेहमी ग्रेनच्या दिशेनेच घालायची. आडवी घातली तर तंतू मोडतात आणि भेगा दिसतात.

माझी चूक तिथेच होती. ए-४ कागदाचे दोन भाग करून प्रत्येकाला एक घडी घातली की १०५ बाय १४८ मिलिमीटरचं कार्ड होतं. हे दोन तऱ्हांनी करता येतं. मशीनच्या तोंडातून ऐसपैस जावं म्हणून मी कागद उभा चिरून लांब पट्ट्या करत होते. माझ्या कागदाचा ग्रेन लांबीत होता, त्यामुळे प्रत्येक घडी ग्रेनला आडवी पडत होती. आडवा कापून मग दुमडला असता तर तीच घडी ग्रेनबरोबर गेली असती. चौदा पूर्णांक आठ सेंटीमीटरचा तुकडा पंधराच्या तोंडातून जेमतेम जातो, पण जातो.

घडीचं आणखी एक. दुमडण्याआधी पट्टी लावून रेघ दाबून घ्यायची, मी संपलेल्या बॉलपेनने दाबते. दाबल्यावर कागदाच्या एका बाजूला खाच आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा येतो. मला वाटायचं खाच आत. काका म्हणाले, उंचवटा आत, खाच बाहेर. करून बघा, फरक हाताला लागतो.

डाय एका कोपऱ्यात कापत नसेल तर दाब वाढवायचा नाही, त्या कोपऱ्यामागे पाटीला पातळ कागदाची पट्टी चिकटवायची, हेही त्यांचंच. ट्रेडलवर ते रोज हेच करतात. बारीक नक्षीत कागद अडकू नये म्हणून डाय आणि कागद यांच्यामध्ये बटर पेपर घालायचा, हे मात्र पुण्याच्या बाईंनी फोनवर सांगितलं. तरीही अडकलाच तर डायच्या पाठीला बारीक भोकं असतात, त्यांतून सुई घालून ढकलायचा.

घरी येऊन कागदाचा संसार हलवला. कोकणातल्या कुठल्याही घरात पावसाळ्यात एका कपाटात दिवा जळत असतो, कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून. आमच्या कपाटात नवऱ्याचा लग्नातला सूट आणि आईंच्या दोन पैठण्या होत्या. खालचा कप्पा मी घेतला. २५० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाची कार्डशीट, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, वर पाटा-वरवंट्यातला वरवंटा. दोन दिवसांत कागद पुन्हा खडखडायला लागला. पण टेबलावर आणून अर्धा तास ठेवला की पुन्हा मऊ. बाहेर नुसती धार लागलेली. सगळं घर काही कपाटात घालता येत नाही.

अशाच एका दुपारी वैतागून मी उरलेला धड फोल्डर काढला आणि एक मऊ पडलेला कागद त्यात दाबला. नक्षी अशी उठून आली की मी उजेडात नेऊन बघत बसले. कपाटातला कोरडा कागद घालून पाहिला, तर उंच उठावाच्या टोकांवर त्याला बारीक चिरा गेल्या. ओला कागद ताणला जातो, कोरडा तुटतो. पुण्याच्या बाईंना सांगितलं तर त्या हसल्या. "आम्ही मुद्दाम पाण्याचा फवारा मारतो एम्बॉसिंगच्या आधी!" आमच्याकडे तो फवारा देवाने चार महिने चालू ठेवलेला.

मग कामाची वाटणीच करून टाकली. पावसात फक्त उठाव. चाळीस कार्डांची पार्श्वभूमी, लाटांची नक्षी, सगळी ऑगस्टपर्यंत दाबून कपाटात. कापायचं काहीही असो, ते गणपती गेल्यावर, ऑक्टोबरचं ऊन पडलं की. पाहुणे परत यायला लागलेले असतात, म्हणून पहाटे आणि दुपारी जेवणं आटोपल्यावर बसायचं.

फेविकॉलही तेव्हाच सुटला. त्यात पाणी असतं, पातळ कागद लगेच सुरकुततो. आता सपाट थरांना दुहेरी चिकटपट्टी, उंच थरांना फोमची पट्टी, आणि फेविकॉल फक्त टाचणीच्या टोकावर, फुलाच्या मध्याला. सावंतवाडीच्या राजवाड्यात गोल गंजिफा बघितल्या होत्या. दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे १२० पत्ते. जुन्या पद्धतीत चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवून ते घडवायचे, असं तिथे कळलं. तेव्हा चित्रांतच रमले होते. आता गेले तर आधी पत्त्याच्या कडा बघितल्या. एकही वळलेला नाही. हेवा वाटला.

खरा घोळ अक्षरांचा झाला. बाजारात डाय मिळतात त्या परदेशी फुलांच्या, हिमाच्या चांदण्यांच्या, आणि शब्द असतील तर इंग्रजी. मला "शुभ दीपावली" हवं होतं, तेव्हा कटर घेऊन हातानेच कापायला बसले. आधी फार खूश होते. इंग्रजीत अक्षरं सुटू नयेत म्हणून ती एकमेकांत गुंतवून लिहावी लागतात, आपली मात्र शिरोरेषेला टांगलेलीच असतात, वलणीवरच्या कपड्यांसारखी. "दीपावली" अख्खं एका तुकड्यात निघालं. "शुभ" उचललं तर हातात दोन तुकडे. भ चं डोकं डावीकडे उघडं असतं, तिथे शिरोरेषाच नाही! चाळीस वर्षं भ लिहितेय, कधी लक्षात आलं नव्हतं. रेघ पूर्ण केली तर भ चा म झाला. आईंनी चष्मा लावून वाचलं, "शुम दीपावली." शेवटी शु च्या उकाराचं शेपूट लांबवून भ च्या दांड्याच्या पायाला टेकवलं. धरलं एकदाचं.

अशी पाच कापली आणि बोटं गेली. बाकीच्यांसाठी नंबरप्लेटची अक्षरं कापणाऱ्या रेडियमवाल्या मुलाकडे गेले. "काकू, कुठल्या गाडीवर लावायचं?" सोनेरी रेडियममध्ये त्याने बाकीचे पस्तीस तासाभरात काढून दिले. ते चिकट कागदावरून उचलून जसेच्या तसे बसतात, त्यामुळे भ सुटला तरी बिघडत नाही, आणि पाऊसही लागत नाही. हे हाताने केलेलं म्हणायचं की नाही, यावर नवऱ्याशी वाद झाला. पाच हाताने कापलेली मी सर्वांत जुन्या पाहुण्यांना दिली.

कार्डावर काय, तर किल्ला. दुसरं काय असणार. मागे उठावाच्या लाटा, त्यावर तटबंदी, पुढे माड. तट नागमोडी आहे आणि महादरवाजा समोरून दिसत नाही, बुरुजांच्या आड दडलेला आहे. होडीतून जाणारा प्रत्येक पाहुणा विचारतोच, दरवाजा कुठाय? म्हणून एक बुरूज फोमच्या पट्टीवर पुढे उचलला आणि दरवाजा त्याच्या मागच्या थरावर लावला. कार्ड तिरकं धरलं तरच दिसतो. एवढ्यासाठी सहा तट वाया गेले, आणि सहाही वेळा मजा आली.

शेवटी टपाल. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. जीएसएमच्या हिशेबाने माझं घडीचं कार्डच पावणेआठ ग्रॅम. उरलेल्या बारा-सव्वाबारात किल्ला, माड, अक्षरं आणि ११४ बाय १६२ चं पाकीट. मसाल्याच्या काट्यावर एकेक तोलून पाहिलं, माडाच्या दोन झावळ्या कमी केल्या. पहिलं पाकीट खिडकीत दिलं आणि समोरच तिकिटावर शिक्का पडला, धाडकन, नेमका बुरुजावर. उरलेली एकोणचाळीस घेऊन बाहेर बाकावर बसले, प्रत्येक पाकिटातलं कार्ड फिरवून घातलं, म्हणजे जाड भाग डावीकडे खाली आणि तिकीट उजवीकडे वर.

नरक चतुर्दशीच्या पहाटे उठले तर अंगणात आई. जुलैत वाया गेलेल्या, फुलं निघून भोकं राहिलेल्या कार्डशीट त्यांनी जपून ठेवल्या होत्या. त्यातली एक जमिनीवर ठेवून वरून रांगोळी चाळत होत्या. कागद उचलला, खाली सात पाकळ्यांचं फूल.

"बारीक आसा," त्या म्हणाल्या. "फुडल्या वर्सा माका मोठां काप."