तुम्ही विचारलंत म्हणून : सिडनीतली सगळी फुटी (म्हणजे रग्बी लीग) एकाच मैदानावर का नको?

मी मूळचा कोल्हापूरचा. २०११ पासून सिडनीच्या पश्चिम भागात, वेस्टमीडला राहतो आणि बसचं वेळापत्रक बसवायचं काम करतो. मोठा सामना असला की जादा गाड्या किती सोडायच्या, सामना सुटल्यावर किती माणूस एकदम रस्त्यावर येईल, हे आधी कागदावर मांडायचं, हा पोटापाण्याचा भाग. वरनं रग्बी लीगचा नाद. त्यामुळं गणपतीच्या पंगतीत असो, ऑफिसात असो, की गावाकडनं आलेल्या पाहुण्याला स्टेडियम दाखवताना असो, एक प्रश्न ठरलेला आहे : "एवढी मोठी स्टेडियमं, मग निम्म्या खुर्च्या रिकाम्या का? एकच चांगलं स्टेडियम धरायचं, दर आठवड्याचा मुख्य सामना तिथंच लावायचा. गर्दी आपोआप वाढेल की!"

कोल्हापूरच्या माणसानं हे विचारलं तर त्याचं चुकत नाही. आपल्याकडं तालमींच्या फुटबॉलला शाहू स्टेडियम. पाटाकडील खेळू दे, खंडोबा खेळू दे, दिलबहार, बालगोपाल, कुणीही असू दे, सामना तिथंच. घरचं मैदान कुणाचंच नाही, परकंही कुणाचं नाही. कुठल्या पेठेची पोरं गॅलरीत कुठं बसणार हे आधीच ठरलेलं, आणि मधे पोलीस. मी शाळेत असताना दप्तर घरात टाकून थेट तिकडं पळायचो. आज कोण खेळतंय हे गेटवर पोचल्यावर कळायचं, तरी चालायचं. मग सिडनीला काय अडचण आहे?

आधी खेळाचं दोन ओळींत सांगतो, कारण बऱ्याच जणांचा इथंच घोटाळा होतो. मी तो कबड्डीवरनं समजावतो. तेरा गडी, चेंडू घेऊन चढाई करायची. समोरच्यांनी पकड केली की उठायचं, चेंडू पायानं मागच्याकडं सारायचा, पुन्हा चढाई. सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्याच्या हाती. मुंबईत जिमखान्यावर खेळतात ती रग्बी युनियन, पंधरा गड्यांची. या भावकीत १८९५ साली इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या एका हॉटेलात वाटण्या झाल्या. खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या खेळाडूंना सामन्यापायी बुडालेली मजुरी भरून द्यावी की नाही, यावरनं. द्यावी म्हणणाऱ्यांचा खेळ तो रग्बी लीग. सिडनीत तो १९०८ पासून चालू आहे आणि इथं त्याला सरळ 'फुटी' म्हणतात.

आता मूळ प्रश्न. गंमत अशी की तुम्ही सुचवताय ते सिडनीनं करून पाहिलेलं आहे, आणि थोडंथोडकं नाही. एके काळी दर शनिवारचा मुख्य सामना सिडनी क्रिकेट ग्राउंडवर व्हायचा. 'मॅच ऑफ द डे' हेच त्याचं नाव. आठवड्याचा सर्वांत रंगेल असा सामना निवडायचा आणि तिथं लावायचा, बाकीचे आपापल्या गल्लीतल्या मैदानांवर. अंतिम सामनेही तिथंच. १९६५ च्या अंतिम सामन्याला, साउथ सिडनी विरुद्ध सेंट जॉर्ज, ७८,०५६ माणूस आत होता आणि लोक छपरांवर चढून बसले होते. आज छपरावर एक माणूस दिसला तरी आमच्या खात्यात सकाळपर्यंत फोन वाजत राहतील.

ते चाललं कारण तेव्हाची फुटी म्हणजे जवळपास कोल्हापूरच होतं. बाल्मेन, न्यूटाऊन, साउथ्स, ईस्ट्स, सगळे संघ शहराच्या पोटातले. गोदीतला, कारखान्यातला माणूस शनिवारी दुपारी ट्रामनं नाही तर चालत मैदानावर पोचायचा. पुढं शहर पश्चिमेला पसरलं, माणसं तिकडं राहायला गेली आणि संघही तिकडचे मोठे झाले. न्यूटाऊन तर १९८३ च्या हंगामानंतर लीगमधनं बाहेरच पडला. आजचा पेनरिथ शहराच्या मध्यापासून पन्नासेक किलोमीटर लांब. मॅनली आहे समुद्रकाठी, जिथं आजही रेल्वे पोचलेली नाही. त्याच्या ब्रुकवेलच्या मैदानावरनं ऑलिम्पिक पार्कच्या मोठ्या स्टेडियमाला यायचं तर बस, मग ट्रेन, मग लिडकमला बदलून पुन्हा ट्रेन. कामाच्या दिवशी दीड तास धरा. हा रस्ता मी नकाशावर इतक्या वेळा बोटानं चाललोय की मॅनलीच्या माणसाला घरी बसून टीव्हीवर सामना बघावासा वाटला, तर मी त्याला दोष देत नाही.

टीव्हीचं निघालंच आहे तर. आठवड्याचे सामने गुरुवारी संध्याकाळी सात पन्नासला सुरू होतात. शुक्रवारी एक सामना संध्याकाळी सहाला. सहाला! त्या वेळी अर्धी सिडनी एम फोर रस्त्यावर ब्रेकवर पाय ठेवून उभी असते. या वेळा प्रेक्षकाच्या सोयीनं कुणी लावलेल्या नाहीत, त्या टीव्हीच्या सोयीनं लागतात, कारण लीगचं घर गेटावरच्या पैशावर कमी आणि प्रक्षेपणाच्या पैशावर जास्त चालतं. स्टेडियम कुठलंही घ्या, गुरुवारी रात्री दहाला सुटणाऱ्या सामन्याला दुसरीतली पोरगी घेऊन कोण येणार?

मी गेलो होतो. त्याची गोष्ट सांगायला हवी.

आमचा संघ पॅरामॅटा ईल्स. त्यांचं जुनं स्टेडियम पाडून नवं बांधायचं ठरलं, आणि २०१७ व २०१८ असे दोन हंगाम घरचे सामने ऑलिम्पिक पार्कच्या मोठ्या स्टेडियमात झाले. म्हणजे तुमचा प्रयोगच : तोच संघ, तीच माणसं, फक्त मैदान ८० हजार खुर्च्यांचं. २०१८ च्या हिवाळ्यातली एक रात्र. संघ तळाला (शेवटी तळालाच राहिला), वारा बोचरा, आमच्या रांगेत आम्ही तिघंच आणि वरचा मजला पूर्ण काळोखात. पकड झाली की खांद्यावर खांदा आपटल्याचा आवाज पलीकडच्या रिकाम्या गॅलरीला धडकून परत यायचा. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणं उरकल्यावर खुर्च्या रचताना घुमतो ना, तसा. थोड्या वेळानं एक कर्मचारी आला आणि अदबीनं म्हणाला, "त्या बाजूला जाऊन बसा, कॅमेऱ्यात भरलेलं दिसतं." मुलगी विचारत होती, "बाबा, सगळे कधी येणार?"

पुढच्या वर्षी, २२ एप्रिल २०१९. ईस्टरचा सोमवार, नव्या स्टेडियमातला ईल्सचा पहिला सामना, समोर वेस्ट्स टायगर्स. स्टेडियम ३० हजारांचं, चढ असा तीव्र की वरच्या रांगेतनंही खेळाडूच्या मोज्याचा रंग दिसतो. बायकोनं थालीपिठांचा स्टीलचा डबा घेतला होता. पिशव्या तपासणाऱ्यानं तो उघडायला लावला. पंजाबी पोरगा होता. वास घेतला, मागं लागलेली रांग बघितली, म्हणाला, "आंटी, चटनी भी है?" होती. आत २९,०४७ माणूस. सामना ५१-६ असा एकतर्फी झाला, तरी शेवटच्या शिट्टीपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

आकड्यांचा पक्का कुणीतरी इथं माझं मनगट धरतो. बरोबर आहे. याच दोन संघांच्या, याच ईस्टर सोमवारच्या सामन्याला २०१४ साली त्याच मोठ्या ऑलिम्पिक स्टेडियमात ५० हजारांवर माणूस आला होता. मग नव्या घरी २० हजारांचं नुकसानच झालं की! झालं. पण माझ्या हिशेबानं त्या दोन्ही दिवसांची गर्दी स्टेडियमानं आणलेली नव्हतीच, ती सोमवारानं आणली. ईस्टरचा सोमवार म्हणजे पश्चिम सिडनीच्या दोन शेजाऱ्यांचा सामना, हे लोकांच्या डोक्यात कॅलेंडरासारखं बसलंय. सुट्टी, दुपारची वेळ, घरातली सगळी माणसं मोकळी. जोतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेलाच का भरते हे कुणी विचारत नाही, गुलाल घेऊन निघतात. तसंच गुड फ्रायडेचं. बुलडॉग्ज आणि साउथ्स मोठ्या स्टेडियमात खेळतात, २०२५ ला ६५ हजारांवर गर्दी झाली. अँझॅक दिनी, म्हणजे २५ एप्रिलच्या सैनिक स्मृतिदिनी, ड्रॅगन्स आणि रूस्टर्स २००२ पासून मूर पार्कला. या तिन्हीत मैदान वेगळं, दिवस मात्र पक्का.

म्हणून 'दर आठवड्याला खास सामना' हे शब्दच मला एकमेकांच्या अंगावर धावून जाताना दिसतात. रोज बेंदूर असला तर बैलाची शिंगं कोण रंगवणार? कोल्हापुरात रोजचं चालतं, कारण कोल्हापूर चालत पार करता येतं.

मोठ्या स्टेडियमाचाही एक भुलावा आहे. १९९९ च्या मार्चमध्ये ऑलिम्पिकचं ते स्टेडियम नवंकोरं उघडलं, तेव्हा एका तिकिटात दोन सामने ठेवले आणि १,०४,५८३ माणूस आला. त्याच वर्षी अंतिम सामन्याला १,०७,९९९. नंतर साखळीतल्या सामन्याला एवढी माणसं पुन्हा जमली नाहीत. लोक नवं घर बघायला आले होते. वास्तुशांतीला आलेली सगळी माणसं दर रविवारी जेवायला येत नाहीत.

ब्रिस्बेनचं उदाहरण हमखास तोंडावर फेकलं जातं, तेव्हा तेही बघू. २०१९ पासून मे महिन्यात तिथं मॅजिक राउंड भरते. पूर्ण फेरीचे आठही सामने लँग पार्कवर, शुक्रवार ते रविवार. ही कल्पना मूळ इंग्लंडची, तिथली सुपर लीग २००७ पासून असा मेळावा भरवते. पहिला कार्डिफला झाला, मग एडिनबरा, मँचेस्टर, न्यूकॅसल असा गावोगाव हिंडला. मी ब्रिस्बेनला एकदा गेलोय. कॅक्स्टन स्ट्रीटवर सतरा संघांच्या (एकाला त्या फेरीत सुट्टी असली तरी) सतरा रंगांच्या जर्सी, सकाळपासून. शुक्रवारी हरलेल्या संघाची माणसं रविवारपर्यंत तीच जर्सी घालून फिरत होती आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी संघाला शिव्या घालत होती. नाद खुळा प्रकार! एकाच स्टेडियमानं गर्दी होते याचा पुरावा म्हणून लोक हे दाखवतात. मला तिथं उरूस दिसला. वर्षातनं एकदा, हॉटेलं आधी भरलेली, क्वीन्सलँड सरकारनं पर्यटनापोटी पैसे मोजलेले. शिवाय दिवसाच्या एका तिकिटावर तीन सामने बघितलेला माणूस तीनदा मोजायचा की एकदा, हाही प्रश्न आहेच. आम्ही बसवाले त्याला दोनदा मोजतो, येताना आणि जाताना.

त्यात एक खर्च लपलेला असतो, तो कुणी बोलत नाही. त्या फेरीत यजमान म्हणून ज्यांचं नाव लागतं, त्यांचा घरचा एक सामना गावाबाहेर जातो. वर्षाला एक गेला तर ठीक. पण तुमच्या योजनेत दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा जाणार. लाइकार्ट ओव्हल बघा. बाल्मेनचं जुनं मैदान, आता वेस्ट्स टायगर्सचं. सोयींच्या नावानं बोंब, बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग बघून माझी बायको मध्यंतराच्या दहा मिनिटं आधीच उठते. पण तिथल्या हिलवर गवतात चादर टाकून बसलेला म्हातारा मला सांगत होता की याच उतारावर, याच जागी तो बापाच्या खांद्यावर बसायचा. त्याला ऑलिम्पिक पार्कची गादीची खुर्ची देऊन बघा. नाही येणार. तिथं पंधरा हजार आले तर मैदान फुटतं की काय असं वाटतं, आणि ८० हजारांत तेच पंधरा हजार म्हणजे ताटात लोणच्याची फोड.

आमच्या पॅरामॅटाच्या लोकांचं मैदानावरचं प्रेम तर अजबच. १९८१ साली ईल्स पहिल्यांदा विजेते झाले, त्या रात्री आनंदाच्या भरात लोकांनी स्वतःच्याच कंबरलंड ओव्हलची गॅलरी जाळली. मग नवं स्टेडियम होईपर्यंत संघ बेलमोरला भाड्यानं. १९८६ ला नवं स्टेडियम उघडलं आणि त्याच वर्षी विजेतेपद मिळालं. त्यानंतर आजतागायत नाही.

तेव्हा विचारलंत म्हणून माझा हिशेब सांगतो. मोठ्या स्टेडियमाला वर्षातले चार-पाच दिवस द्या, पण ते दिवस बदलू नका, टीव्हीवाला पाया पडला तरी. बाकीचे सामने ज्याच्या त्याच्या गावात राहू देत. आणि शुक्रवारचा तो सहाचा सामना आधी बंद करा. याला स्टेडियम लागत नाही, एक फोन लागतो.

आता ट्राम झाल्यापासून वेस्टमीडहून स्टेडियमला जाणं सोपं झालंय, तरी ईस्टरच्या सोमवारी आम्ही चालतच जातो. रस्ताभर निळे-पिवळे आणि काळे-नारिंगी मिसळलेले असतात आणि मुलगी आता आमच्या चार पावलं पुढं, मैत्रिणींबरोबर चालते. डबा मात्र माझ्याच हातात. गेल्या वर्षीपासून बायको चटणीची वाटी वेगळी देते, तपासणीवाल्या पोरासाठी. तो असतोच असं नाही, पण असला तर.