सिल्लारीच्या आकाशातील पुष्य

पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ नीट पाहावा, या एकाच हेतूने आम्ही तिघे फेब्रुवारीअखेर माघ अमावास्येला नागपूरहून पेंचच्या जंगलालगतच्या सिल्लारीला गेलो. जबलपूर महामार्गाने मनसर ओलांडून पवनीला डावीकडे वळायचे. एकूण अंतर सुमारे 70 किलोमीटर आहे. पेंचच्या या जंगलाला जानेवारी 2024 मध्ये देशातील पहिल्या डार्क स्काय पार्कचा, म्हणजे कृत्रिम उजेडापासून जपलेल्या अंधाऱ्या आकाशाच्या क्षेत्राचा, दर्जा मिळाला आहे. उजेड असतानाच मुक्कामी पोहोचावे आणि रात्री अंगण सोडून पायी कुठेही जाऊ नये, कारण हा वाघाचा मुलूख आहे.

पुनर्वसूचे दोन ठळक तारे आणि मघा यांच्या साधारण मध्यावर पाहिले, की अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना धुरकट ठिपका दिसतो. यातला सर्वांत तेजस्वी ताराही 6.3 प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद), म्हणजे नुसत्या डोळ्यांच्या मर्यादेपलीकडचा असल्यामुळे सुटे तारे दिसत नाहीत, फक्त त्यांचा एकत्रित उजेड जाणवतो. गॅलिलिओने 1610 मध्ये या धुक्यात 40 हून अधिक तारे असल्याचे प्रसिद्ध केले. सुमारे 600 प्रकाशवर्षे दूर असलेल्या या गुच्छात आज हजाराच्या आसपास तारे मानले जातात.

आम्ही दुर्बीण मोठी नेली, आणि तीच चूक ठरली. गुच्छाचा पसारा पौर्णिमेच्या तीन चंद्रांएवढा, तर दुर्बिणीतून दिसणारे वर्तुळ जेमतेम एका चंद्राएवढे; त्यामुळे थोडे तारे दिसत, पण गुच्छ हरवून जाई. शिवाय सिल्लारीहून पुष्य मध्यमंडलावर, म्हणजे आकाशातील दक्षिणोत्तर मध्यरेषेवर, येतो तेव्हा खस्वस्तिकापासून, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूपासून, अवघा दोन अंश दक्षिणेला असतो. मान वर करून आम्ही अवघडलो, तेव्हा घरच्या मावशींनी अंगणात बाज टाकली आणि म्हणाल्या, "निजून पाहा ना भाऊ, मान कायले मोडता?"

बाजेवर पाठ टेकून, कोपर छातीशी घेऊन 10 × 50 ची (दहापट मोठे दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी पाहायची छोटी दुर्बीण, डोळ्यांना लावली आणि तो धूसर ठिपका क्षणात फुटून पांढऱ्या ताऱ्यांचा सडा झाला. त्यांत चार-पाच नारिंगी तारेही स्पष्ट ओळखता आले. मी कितीतरी वेळ द्विनेत्री खाली ठेवली नाही.

तेव्हा जाणाऱ्यांनी द्विनेत्री, सतरंजी आणि शाल अवश्य न्यावी. विजेरीवर लाल जिलेटीनचा कागद बांधावा आणि पहिला अर्धा तास मोबाइल उघडू नये, कारण एकदा डोळे दिपले की तेवढीच वाट पुन्हा पाहावी लागते. आमच्या मुक्कामाचा अंगणातला दिवा विनंती केल्यावर लगेच मालवला गेला, पण हे खोली घेतानाच बोलून ठेवलेले बरे. फेब्रुवारीअखेर पुष्य रात्री सव्वादहाच्या सुमारास डोक्यावर येतो, मार्चअखेर मात्र साडेआठलाच. मध्यरात्रीनंतर भिंगांवर दव धरू लागते, म्हणून कोरडे सुती फडके जवळ असू द्यावे. आम्ही पहाटे चारपर्यंत जागलो, तेव्हा पुष्य पश्चिमेच्या सागांमागे उतरत होता.